बेंजामिन पिअरी पाल

बेंजामिन पिअरी पाल (जन्म : २६ मे १९०६, मुकंदपूर, पंजाब, मृत्यू : १४ सप्टेंबर १९८९) हे भारतीय वनस्पती-प्रजननशास्त्रज्ञ आणि कृषिसंशोधन-प्रशासक होते. गव्हाच्या तांबेरा-प्रतिबंधक वाणांच्या निर्मितीसाठी ते प्रथम ओळखले गेले. १९५० ते १९६५ या काळात ते नवी दिल्ली येथील भारतीय कृषी संशोधन संस्थेचे संचालक होते. त्यानंतर १९६५ ते १९७२ या काळात त्यांनी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक म्हणून काम पाहिले. हरितक्रांतीच्या इतिहासात त्यांचे नाव नॉर्मन बोरलॉग, मों. सां. स्वामिनाथन आणि कृषिमंत्री चि. सुब्रमण्यम यांच्या मानाने कमी घेतले जाते. मात्र मेक्सिकन गव्हाच्या बुटक्या वाणांची देशभर चाचणी घेऊन ती अल्पावधीत शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवणारी संशोधनयंत्रणा मुख्यतः पाल यांच्या कारकिर्दीत उभी राहिली. गुलाबांचे पैदासकार म्हणूनही त्यांची ख्याती होती.

प्रारंभिक जीवन आणि शिक्षण

पाल यांचा जन्म पंजाबात झाला असला, तरी त्यांचे बालपण ब्रह्मदेशात गेले. त्यांचे वडील तेथे सरकारी वैद्यकीय सेवेत होते. मेम्यो या थंड हवेच्या गावातील सेंट मायकेल शाळेत पाल यांचे शिक्षण झाले. बागकाम, गुलाब आणि चित्रकला यांची आवड त्यांना तेथेच लागली आणि ती अखेरपर्यंत टिकली. रंगून विद्यापीठातून त्यांनी १९२९ मध्ये वनस्पतिशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेतली.

शिष्यवृत्ती मिळाल्यावर ते केंब्रिजला गेले. तेथील वनस्पती-प्रजनन संस्था हे त्या काळी गहू-संशोधनाचे मोठे केंद्र होते. मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम पुन्हा प्रकाशात आल्यानंतर अल्पावधीतच रोलंड बिफेन यांनी एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली होती. गव्हाची पिवळ्या तांबेऱ्याला तोंड देण्याची क्षमता इतर गुणधर्मांप्रमाणेच पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक नियमांनी उतरते, असे त्यांना आढळले होते. म्हणजे रोगप्रतिकार हा गुण संकराने एका वाणातून दुसऱ्या वाणात आणता येतो. पाल यांनी फ्रँक एंगलडो यांच्या मार्गदर्शनाखाली गव्हातील संकरज ओजावर पीएच.डी.साठी संशोधन केले. त्यांच्या पुढील कामाची दिशा केंब्रिजमधील या परंपरेतच ठरली, असे म्हणता येईल.

पुसा येथील कार्य

ब्रह्मदेशाच्या कृषिखात्यात भातसंशोधनाचे काम थोडा काळ केल्यावर ऑक्टोबर १९३३ मध्ये पाल बिहारमधील पुसा येथील इंपीरियल कृषी संशोधन संस्थेत द्वितीय आर्थिक वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले. ही संस्था १९०५ मध्ये लॉर्ड कर्झन यांच्या काळात स्थापन झाली होती आणि तिच्यासाठी हेन्री फिप्स या अमेरिकी दात्याने ३०,००० पौंडांची देणगी दिली होती. या देणगीमुळे ‘पुसा’ या नावात अमेरिकेचे नाव दडले आहे, अशी एक आख्यायिका प्रचलित आहे. ती खरी नाही. पुसा हे गावाचे नाव संस्थेपेक्षा कितीतरी जुने आहे.

पाल रुजू झाल्यावर चार महिन्यांच्या आत, १५ जानेवारी १९३४ रोजी, बिहारमध्ये प्रलयंकारी भूकंप झाला. त्यात संस्थेच्या मुख्य इमारतीची मोठी हानी झाली आणि १९३६ मध्ये संस्था दिल्लीला हलवण्यात आली. तिने आपले जुने नाव मात्र बरोबर आणले. दिल्लीचा तो परिसर आजही ‘पुसा’ म्हणूनच ओळखला जातो, आणि संस्थेच्या अनेक वाणांच्या नावांच्या आरंभीही हा शब्द असतो. १९३७ मध्ये पाल इंपीरियल आर्थिक वनस्पतिशास्त्रज्ञ झाले. वनस्पतिविभागाची सूत्रे हाती आली तेव्हा ते अवघे ३१ वर्षांचे होते.

तांबेरा आणि गव्हाचे वाण

पुसा येथे गव्हावर काम करणारे पाल हे पहिले शास्त्रज्ञ नव्हते. अल्बर्ट आणि गॅब्रिएल हॉवर्ड या दांपत्याने देशी गव्हांतून निवड करून ‘पुसा ४’ आणि ‘पुसा १२’ यांसारखे उत्तम दाण्याचे वाण आधीच दिले होते. उरला होता तो तांबेऱ्याचा प्रश्न. गव्हावर तांबेऱ्याचे तीन प्रकार पडतात : खोडावरील काळा, पानावरील तपकिरी आणि थंड हवामानात फोफावणारा पिवळा. तिन्ही रोग वेगवेगळ्या बुरशींमुळे होतात आणि प्रत्येक बुरशीचे अनेक वंशप्रकार असतात. त्यामुळे एका प्रकाराला दाद न देणारा वाण दुसऱ्याला सहज बळी पडू शकतो. पेरणी, खुरपणी आणि पाणी सर्व वेळेवर होऊनही ओंब्या भरण्याच्या सुमारास उभे पीक तांबूस भुकटीने माखते आणि दाणा चिमतो. १९४६-४७ मध्ये मध्य भारतात काळ्या तांबेऱ्याची मोठी साथ आली. देश अन्नटंचाईला तोंड देत असताना आलेल्या त्या साथीने या संशोधनाची निकड सर्वांच्या लक्षात आणून दिली.

या रोगाच्या भारतातील जीवनक्रमाचा उलगडा आग्र्याचे करमचंद मेहता यांनी केला. युरोपात काळा तांबेरा दारुहळदीच्या वर्गातील झुडपांच्या आधाराने वर्षानुवर्षे टिकून राहतो. भारतात या झुडपांचा साथीशी फारसा संबंध नाही, असे मेहतांनी दाखवून दिले. मैदानी प्रदेशातील उन्हाळ्यात बुरशी तग धरू शकत नाही. ती हिमालयात तसेच दक्षिणेकडील निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांत गव्हाच्या आपोआप उगवलेल्या रोपांवर आणि अवेळी घेतलेल्या पिकांवर जगते, आणि तिचे बीजाणू वाऱ्याबरोबर पुन्हा खाली येतात. यातून असे स्पष्ट झाले की झुडपे तोडून तांबेरा आटोक्यात येणार नाही. डोंगरांतून दरवर्षी येणाऱ्या बीजाणूंना तोंड देईल असे पीकच निर्माण करणे हाच टिकाऊ उपाय होता.

पाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दिशेने जे काम केले, ते सुमारे दोन दशके चालले. गव्हाच्या फुलात परागण आपले आपण होते. म्हणून संकर करायचा तर प्रत्येक फुलातील पुंकेसर चिमट्याने काढून त्यावर दुसऱ्या वाणाचे पराग हाताने टाकावे लागतात. त्या संकराच्या संततीतून इष्ट झाडे निवडण्यात पुढील कित्येक हंगाम जातात. परदेशी वाण तांबेऱ्याला दाद देत नसत, पण भारतातील छोट्या हिवाळ्यात वेळेवर पक्व होत नसत, आणि त्यांचा दाणाही येथील पोळीला पसंत पडत नसे. देशी वाणांची पक्वता आणि दाण्याची प्रत राखून त्यांत परदेशी वाणांची प्रतिकारक्षमता आणणे, आणि तीही तिन्ही तांबेऱ्यांविरुद्ध, हे या कामाचे सूत्र होते. त्यातून ‘एन.पी.’, म्हणजे ‘न्यू पुसा’, या मालिकेतील सातशे आणि आठशे क्रमांकांचे गहू निघाले. १९५४ मधील ‘एन.पी. ८०९’ हा त्यांतील सर्वांत नावाजलेला वाण होय. त्यात तिन्ही तांबेऱ्यांविरुद्धची प्रतिकारक्षमता एकत्र आणण्यात यश आले होते. याच सुमारास मुंबई प्रांतात निफाड येथील संशोधन केंद्रातही केनियाचे गहू आणि स्थानिक ‘निफाड ४’ यांच्या संकरातून तांबेरा-प्रतिबंधक ‘केनफाड’ वाण तयार करण्यात आले होते.

एन.पी. मालिकेला एक मर्यादा होती. हे सर्व वाण उंच वाढणारे होते. खत आणि पाणी भरपूर दिले की ओंबीच्या भाराने त्यांचे ताट लोळत असे आणि उत्पादन वाढण्याऐवजी घटत असे. रोगामुळे होणारे नुकसान हे वाण टाळू शकत होते. उत्पादनाची कमाल मर्यादा वाढवणे त्यांना शक्य नव्हते. खताचा तुटवडा असलेल्या चौथ्या-पाचव्या दशकांत हा दोष फारसा जाणवला नाही. सातव्या दशकात तोच निर्णायक ठरला.

गव्हाखेरीज बटाटा, तंबाखू आणि मिरची या पिकांवरही पाल यांनी काम केले. कोल्चिसीन वापरून मिरचीत बहुगुणिता निर्माण करण्याचे प्रयोग त्यांनी एस. रामानुजम आणि आत्माराम भैरव जोशी यांच्यासह केले. त्यांपैकी जोशी हे पुढे भारतीय कृषी संशोधन संस्थेचे संचालक आणि राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. विविध देशांतून पिकांचे बियाणे मागवून त्याची नोंद आणि जपणूक करण्याचे काम १९४६ पासून पाल यांच्या विभागात पद्धतशीरपणे सुरू झाले. हरभजन सिंग यांनी वाढवलेल्या या छोट्या योजनेतून १९७६ मध्ये राष्ट्रीय वनस्पती जनुकीय संसाधन ब्यूरो ही स्वतंत्र संस्था उभी राहिली. १९४१ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय आनुवंशिकी आणि वनस्पती-प्रजनन संस्थेच्या संस्थापकांत पाल होते, आणि तिच्या नियतकालिकाचे संपादन त्यांनी दीर्घकाळ केले.

संचालकपद आणि पदव्युत्तर विद्यालय

१९५० मध्ये पाल भारतीय कृषी संशोधन संस्थेचे संचालक झाले. त्यांच्या पंधरा वर्षांच्या कारकिर्दीतील सर्वांत दूरगामी गोष्ट म्हणजे १९५८ मध्ये सुरू झालेले पदव्युत्तर विद्यालय. रॉकफेलर प्रतिष्ठानच्या सहकार्याने स्थापन झालेल्या या विद्यालयामुळे संस्थेला विद्यापीठसदृश दर्जा मिळाला, आणि कृषिविज्ञानात डॉक्टरेट मिळवण्यासाठी परदेशी जाण्याची गरज बरीच कमी झाली. पुढील काळात देशभर निघालेल्या कृषी विद्यापीठांना प्राध्यापक आणि संशोधक पुरवण्यात या विद्यालयाचा मोठा वाटा होता. महाराष्ट्रात राहुरी (१९६८), अकोला (१९६९), परभणी आणि दापोली (दोन्ही १९७२) येथील विद्यापीठे त्याच काळातील आहेत.

दुसरा महत्त्वाचा उपक्रम म्हणजे अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प. पहिला प्रकल्प १९५७ मध्ये मक्यावर सुरू झाला. तोपर्यंत प्रत्येक प्रांताचे कृषिखाते आपापले वाण आपल्याच केंद्रावर तपासत असे. त्यांचे निष्कर्ष दुसऱ्या प्रांताच्या निष्कर्षांशी ताडून पाहता येत नसत, कारण पेरणीची तारीख, खताची मात्रा आणि तुलनेसाठी घेतलेला वाण सगळेच वेगळे असे. समन्वित प्रकल्पात देशाचे हवामानानुसार विभाग पाडले गेले. केंद्र, राज्य आणि विद्यापीठ यांच्यापैकी कोणाचाही वाण असो, त्याची चाचणी अनेक ठिकाणी एकाच आराखड्याने होऊ लागली. वर्षातून एकदा सर्व शास्त्रज्ञ एकत्र बसून निष्कर्षांवर चर्चा करत आणि कोणता वाण पुढे न्यायचा हे ठरवत. या पद्धतीत आज काही विशेष वाटणार नाही. त्या काळात मात्र प्रांतिक अभिमान आणि खातेनिहाय अधिकार यांना मुरड घालून ती अमलात आणावी लागली. मक्याच्या पाठोपाठ ज्वारी आणि बाजरीचे संकरित वाण अशाच समन्वित कामातून आले. १९६४ मध्ये प्रसारित झालेली ‘सीएसएच-१’ ही ज्वारी महाराष्ट्रात इतकी पसरली की ‘हायब्रीड’ हा शब्दच मराठीत ज्वारीच्या नावासारखा वापरला जाऊ लागला.

मेक्सिकन गहू

१९६० च्या दशकाच्या आरंभी मेक्सिकोतील बुटक्या गव्हांची माहिती भारतात पोहोचली. जपानी ‘नोरिन १०’ या वाणातील बुटकेपणाची जनुके वापरून बोरलॉग यांनी ते तयार केले होते. खत आणि पाणी दिले तरी हे गहू लोळत नसत. बोरलॉग यांना भारतात बोलवावे, असा प्रस्ताव १९६२ मध्ये स्वामिनाथन यांनी संचालक पाल यांच्यापुढे ठेवला आणि पाल यांनी तो शासनाकडे पाठवला. मार्च १९६३ मध्ये बोरलॉग भारतात आले. त्यांनी पाठवलेल्या बियाण्याच्या चाचण्या त्यानंतर अनेक केंद्रांवर सुरू झाल्या.

या निर्णयाचा अर्थ पाल यांच्याइतका कोणाला कळला नसेल. ज्या वाणांसाठी त्यांनी आपल्या संशोधकीय आयुष्याची वीस वर्षे वेचली होती, त्यांचीच जागा हे नवे गहू घेणार होते, आणि तसेच झाले. काही वर्षांतच सिंचित क्षेत्रातून एन.पी. मालिका मागे पडली. संचालक म्हणून आणि पुढे महासंचालक म्हणून पाल यांनी नव्या वाणांच्या चाचण्यांना पाठबळ दिले. मेक्सिकन गव्हाबाबत त्या वेळी मतभेद तीव्र होते. परदेशी बियाण्याबरोबर नवे रोग येतील, खताचे अवलंबन वाढेल आणि सधन शेतकऱ्यांचाच फायदा होईल, असे आक्षेप घेतले जात होते. ते सगळेच पुढे निराधार ठरले, असे म्हणता येत नाही. तरीही १९६५ आणि १९६६ च्या सलग दुष्काळांनी आणि अमेरिकी धान्याच्या परावलंबनाने शासनाचा कल निश्चित केला. १९६६ मध्ये १८,००० टन मेक्सिकन बियाणे आयात करण्यात आले.

आयात झालेल्या ‘लेर्मा रोहो’ वाणाचा तांबूस दाणा ग्राहकांना रुचला नाही. मेक्सिकन वंशावळीच्या सामग्रीतून भारतीय पैदासकारांनी निवडलेले पिवळसर दाण्याचे ‘कल्याणसोना’ आणि ‘सोनालिका’ हे वाण १९६७ मध्ये प्रसारित झाले आणि खरा विस्तार त्यांचा झाला. समन्वित चाचण्यांचे जाळे आधीच विणलेले असल्याने हे वाण कोठे चालतील हे दोन-तीन हंगामांत ठरवता आले. देशातील गव्हाचे उत्पादन १९६४-६५ मध्ये सुमारे १.२ कोटी टन होते. १९६७-६८ मध्ये ते सुमारे १.६५ कोटी टनांवर गेले आणि १९७१-७२ मध्ये २.६ कोटी टनांच्या पुढे पोहोचले. १९६८ मध्ये टपालखात्याने ‘गहू क्रांती’चे विशेष तिकीट काढले.

भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे महासंचालक

भारतीय कृषी अनुसंधान परिषद रॉयल कृषी आयोगाच्या शिफारशीवरून १९२९ मध्ये स्थापन झाली होती. मात्र पहिली साडेतीन दशके तिचे स्वरूप अनुदान वाटणाऱ्या मंडळाचे राहिले. संशोधनसंस्था थेट मंत्रालयाच्या अखत्यारीत होत्या. कापूस, ताग, ऊस, नारळ अशा पिकांसाठी स्वतंत्र केंद्रीय समित्या होत्या आणि परिषदेचे प्रमुखपद शास्त्रज्ञाकडे नव्हते. अमेरिकी तज्ज्ञ मॅरियन पार्कर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६४ मध्ये या व्यवस्थेवर टीका केली आणि परिषदेच्या प्रमुखपदी शास्त्रज्ञ असावा, सर्व संस्था एका छत्राखाली याव्यात, अशी शिफारस केली. कृषिमंत्री सुब्रमण्यम यांनी ती स्वीकारली आणि १९६५ मध्ये महासंचालकपदी पाल यांची नेमणूक झाली.

त्यांच्या कारकिर्दीत मंत्रालयाच्या ताब्यातील संस्था परिषदेकडे आल्या, पीकवार केंद्रीय समित्या बंद झाल्या आणि त्यांच्या प्रयोगशाळाही परिषदेत विलीन झाल्या. मुंबईतील माटुंगा येथे १९२४ पासून कार्यरत असलेली कापूस तंत्रज्ञान प्रयोगशाळा अशीच १९६६ मध्ये परिषदेकडे आली. समन्वित प्रकल्पांचा विस्तार गहू, भात, कडधान्ये, तेलबिया, पशुसंवर्धन आणि मृदा या विषयांपर्यंत झाला.

या पुनर्रचनेची दुसरी बाजूही नोंदवणे आवश्यक आहे. संस्था एकत्र आल्या, तरी शास्त्रज्ञांची भरती आणि बढती जुन्याच पद्धतीने, पदे रिकामी होतील तशी, होत राहिली. वरिष्ठाची जागा रिकामी झाल्याशिवाय कनिष्ठाला पुढे जाता येत नसे आणि निवडीतील पक्षपाताच्या तक्रारी वारंवार होत. पाल निवृत्त झाल्यानंतर काही महिन्यांतच, मे १९७२ मध्ये, दिल्लीच्या संस्थेतील एका शास्त्रज्ञाने आत्महत्या केली आणि हा प्रश्न संसदेत गाजला. निवृत्त सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या चौकशी समितीच्या अहवालानंतर १९७३ मध्ये कृषी संशोधन आणि शिक्षण विभाग व स्वतंत्र भरती मंडळ स्थापन झाले. त्यानंतर १९७५ मध्ये कृषी संशोधन सेवा सुरू झाली. संस्थांची घडी पाल यांनी बसवली. त्यांत काम करणाऱ्या माणसांच्या सेवाव्यवस्थेचा प्रश्न मात्र त्यांच्या कारकिर्दीत सुटला नाही.

गुलाब आणि उद्यानविद्या

गुलाब हा पाल यांच्या दृष्टीने केवळ फावल्या वेळेचा छंद नव्हता. युरोपीय गुलाब भारतीय उन्हात कोमेजतात आणि त्यांचा बहर अल्पकाळ टिकतो, म्हणून येथील हवामानाला मानवतील असे गुलाब तयार करण्याचे काम त्यांनी गव्हाच्याच पद्धतीने केले. शंभराहून अधिक वाण त्यांच्या नावावर आहेत. ‘रोझ शर्बत’, ‘दिल्ली प्रिन्सेस’, ‘बंजारन’ आणि ‘डॉ. होमी भाभा’ हे त्यांतील काही होत. ‘रोझ सोसायटी ऑफ इंडिया’ आणि बोगनवेलीच्या अभ्यासकांची संस्था या दोन्हींचे ते संस्थापक-अध्यक्ष होते. ‘द रोझ इन इंडिया’ आणि ‘ब्यूटिफुल क्लाइंबर्स ऑफ इंडिया’ हे त्यांचे ग्रंथ बागप्रेमींत लोकप्रिय झाले. गव्हावरील त्यांचे पुस्तक १९६६ मध्ये प्रकाशित झाले.

उत्तरायुष्य आणि सन्मान

निवृत्तीनंतर पाल यांनी राष्ट्रीय पर्यावरण नियोजन व समन्वय समितीचे अध्यक्षपद भूषवले. पर्यावरणासाठी केंद्रात स्वतंत्र खाते निघण्यापूर्वी या विषयावर शासनाला सल्ला देणारी ही प्रमुख समिती होती. १९७२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना आपले सदस्यत्व दिले. १९७५-७६ मध्ये ते भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे अध्यक्ष होते. भारत सरकारने त्यांना पद्मश्री, पद्मभूषण (१९६८) आणि पद्मविभूषण (१९८७) या किताबांनी गौरवले.

पाल अविवाहित होते. आपली मालमत्ता त्यांनी भारतीय कृषी संशोधन संस्थेला दिली. संस्थेच्या दिल्लीतील आवारातील मुख्य सभागृहाला त्यांचे नाव देण्यात आले आहे.